लाखोंचा कॅमेरा एवढा महाग का? त्याची किंमत ठरते कशी?

वनप्लसच्या फोनवर ‘हॅसलब्लाड’ आणि शाओमीच्या फोनवर ‘लायका’ ही नावं तुम्ही पाहिली असतील. ही दोन्ही नावं मुळात कॅमेरा कंपन्यांची आहेत. त्यांचा खरा कॅमेरा घ्यायला गेलात तर नुसत्या बॉडीलाच सहा ते नऊ लाख रुपये मोजावे लागतात. लेन्सचे पैसे वेगळे. चांगला व्यावसायिक कॅमेरा दीड-दोन लाखांत मिळत असताना हे कॅमेरे चौपट-पाचपट महाग का? त्यांचे फोटो चौपट चांगले येतात का?

येत नाहीत. मग ही किंमत कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं आणि नाशिकसारख्या शहरातल्या फोटोग्राफरने अशा कॅमेऱ्याकडे कसं पाहावं? हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर:

• छोट्या बाजारात बनवण्याचा खर्च किंमतीचा फक्त तळ ठरवतो. गिऱ्हाइकाकडे दुसरा पर्याय काय आहे, यावरून तिची कमाल मर्यादा ठरते.
• कंपनी किंमत ठरवते तेव्हा आपलं गिऱ्हाईक कोण आणि कोण नाही, हेही ठरवत असते.
• घेणाऱ्याने छापील किंमतीपेक्षा ‘कामाच्या एका दिवसाला किती पडतो’ हा आकडा पाहावा.

आधी एक जुना व्यवहार: फाळक्यांचा कॅमेरा

महागडा कॅमेरा आणि नाशिक यांचं नातं जुनं आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. १९१२ च्या सुरुवातीला ते चित्रपटाचं तंत्र शिकायला आणि साहित्य घ्यायला लंडनला गेले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून त्यांनी पैसे उभे केले होते. तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला. त्या काळी एका पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे कॅमेरा साधारण ७५० रुपयांचा झाला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला. त्याचा खर्च साधारण १५ हजार रुपये सांगितला जातो. म्हणजे कॅमेरा एकूण खर्चाच्या विसाव्या हिश्शाचा होता. बाकीचा पैसा कच्ची फिल्म, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, कपडेपट, सेट आणि मंडळींचं जेवणखाण यांत गेला. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या आणि त्यांच्या श्रमाचा हिशेब या १५ हजारांत नाही.

कॅमेरा हाती आल्यावरही भांडवल लगेच मिळालं नाही. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ती छोटी फिल्म पैसे देऊ शकतील अशा लोकांना दाखवली. त्यानंतर भांडवल उभं राहिलं. १९१३ मध्येच त्यांनी बिऱ्हाड आणि काम नाशिकला हलवलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

या व्यवहारात दोन गोष्टी दिसतात. व्यावसायिक कॅमेऱ्याची किंमत हा धंद्याच्या खर्चाचा एक तुकडा असतो. आणि तो कॅमेरा वापरून मिळणारं काम समोर असेल तरच ती किंमत परवडते. आजच्या कंपन्याही याच दोन गोष्टींवर किंमती बेततात.

लासलगावचा कांदा आणि येवल्याची पैठणी

किंमत कशी ठरते हे समजायला नाशिक जिल्ह्यातले दोन बाजार पुरेसे आहेत.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो. विकणारे हजारो आणि माल बराचसा सारखा. शेतकरी भाव सांगत नाही, मिळेल तो भाव घेतो. उत्पादन खर्च निघाला नाही तरी माल विकावा लागतो.

येवल्याची हातमागावरची पैठणी वेगळी. एक साडी विणायला काही आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असेल तर कित्येक महिने. विणकर थोडे, गिऱ्हाईकही थोडं. इथे विणणारा किंवा दुकानदार किंमत सांगतो आणि घेणारा ठरवतो. यंत्रमागावरची तशीच दिसणारी साडी कितीतरी स्वस्तात मिळते, तरी हातमागाची पैठणी विकली जाते. घेणाऱ्याला फक्त दिसणं नको असतं. तिची कारागिरी, टिकाऊपणा आणि पुढच्या पिढीला देता येण्याची खात्री हवी असते.

साधा कॅमेरा हळूहळू कांद्याच्या बाजारात गेला आणि मोबाइलने तो बाजारही खाल्ला. जपानी कॅमेरा उत्पादकांची संघटना ‘सिपा’ हिच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी १० लाख डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७७ लाखांवर आला. स्वस्त कॅमेऱ्यांचा धंदा जवळपास संपल्यामुळे कंपन्यांनी पैठणीच्या बाजाराकडे मोर्चा वळवला: कमी नग, जास्त किंमत.

किंमतीचा तळ: कमी नगांचा भार

नवा कॅमेरा आखायला होणारा खर्च नगांच्या संख्येवर अवलंबून नसतो. एक विका की लाख विका, तो आधीच झालेला असतो. समजा एका कॅमेऱ्याच्या आखणीला ५० कोटी रुपये लागले. पाच लाख नग विकले तर प्रत्येकावर १,००० रुपयांचा भार येतो. पाच हजारच नग विकले तर तोच भार १ लाख रुपयांचा होतो. कॅमेरा तोच, काम तेच, फक्त गिऱ्हाईक कमी.

दुसरा मोठा खर्च सेन्सरचा. नेहमीच्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरचं माप ३६ × २४ मिलिमीटर असतं. हॅसलब्लाड किंवा फुजीफिल्मच्या ‘मीडियम फॉरमॅट’ कॅमेऱ्यात ते साधारण ४४ × ३३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन पट. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर तयार होतात. तुकडा मोठा असेल तर एका चकतीतून कमी नग निघतात आणि एखादा बारीक दोषही अख्खा मोठा तुकडा बाद करतो. त्यामुळे क्षेत्रफळ पावणेदोन पट असलं तरी खर्च त्याहून जास्त वाढतो.

हा झाला तळ. याखाली विकलं तर कंपनी बुडेल. पण तळापासून किती वर जायचं, हे खर्च सांगत नाही. तिथे डावपेच सुरू होतात.

कंपन्यांचे पाच डावपेच

१. मान विकणं: लायका

जर्मनीच्या लायकाने पहिला कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आणला. ‘एम’ मालिका १९५४ पासून सुरू आहे. २०२२ मध्ये ‘एम ११’ आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ८,९९५ डॉलर होती. या कॅमेऱ्यात आपोआप फोकस होत नाही आणि व्हिडिओही काढता येत नाही. २०२४ मध्ये लायकाने ‘एम ११-डी’ आणला. त्याला मागे स्क्रीनच नाही, तरी किंमत ‘एम ११’ पेक्षा जास्त ठेवली.

हे वेडेपणाचं वाटेल, पण हिशेब सरळ आहे. सोयी मोजणारं गिऱ्हाईक सोनी, कॅनन किंवा निकॉनकडे जाणारच आहे. लायका त्याच्या मागे धावत नाही. हाताने फोकस करण्यात ज्याला आनंद आहे आणि आजोबांच्या काळातली लेन्स नव्या बॉडीवर लावायची आहे, अशाच माणसासाठी ती कॅमेरा बनवते. १९५४ नंतरच्या बहुतेक ‘एम’ लेन्स आजच्या बॉडीवर बसतात. त्यामुळे जुन्या मालालाही भाव टिकतो आणि ‘पुढे विकला तर पैसे येतील’ हा भरवसा नव्या किंमतीला आधार देतो. २०२२ च्या लिलावात १९२३ च्या सुमाराचा एक लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तो ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा कॅमेरा होता. पहिला लायका त्यांनीच आखला होता.

हा डाव नेहमी यशस्वी झालेला नाही. डिजिटलकडे वळायला उशीर झाल्याने २००५ च्या सुमारास लायका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. नावाचा मान होता, पण विकायला काळाबरोबरचा माल नव्हता.

२. आधी मलई, मग दूध: हॅसलब्लाड

नवी वस्तू आधी महाग विकायची, थांबायला तयार नसलेल्यांकडून जास्त पैसे घ्यायचे आणि मग किंमत उतरवत पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं, ही जुनी पद्धत आहे. स्वीडनच्या हॅसलब्लाडने २०१६ मध्ये हातात मावेल असा मीडियम फॉरमॅट कॅमेरा ‘एक्स १ डी’ ८,९९५ डॉलरला आणला. तेव्हा तशी दुसरी वस्तू बाजारात नव्हती.

काही महिन्यांतच पर्याय आला. जानेवारी २०१७ मध्ये फुजीफिल्मने तेवढ्याच मापाच्या आणि तेवढ्याच मेगापिक्सेलच्या सेन्सरचा कॅमेरा ६,४९९ डॉलरला जाहीर केला. २०१८ मध्ये त्याचा स्वस्त भाऊ ४,४९९ डॉलरला आला. हॅसलब्लाडने २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती काढली ती ५,७५० डॉलरला. पहिलीपेक्षा सुधारलेला कॅमेरा, पण तीन हजार डॉलरहून जास्त स्वस्त. तीन वर्षांत बनवण्याचा खर्च एवढा खाली आला असेल असं नाही. गिऱ्हाइकाकडे पर्याय आला आणि कमाल मर्यादा खाली सरकली. २०२२ मध्ये १०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणल्यावर हॅसलब्लाडने पुन्हा ८,१९९ डॉलरपर्यंत झेप घेतली.

३. गिऱ्हाइकाच्या कामाचं मोल पाहणं: फेज वन

डेन्मार्कच्या फेज वनने २०१८ मध्ये १५० मेगापिक्सेलचा कॅमेरा काढला. त्याची किंमत ५० हजार डॉलरच्या वर होती. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ४२ लाखांहून जास्त. हे कॅमेरे संग्रहालयातली चित्रं, जुनी हस्तलिखितं, मोठ्या जाहिराती आणि विमानातून होणारी मोजणी अशा कामांसाठी असतात. दुर्मीळ हस्तलिखित पुन्हा पुन्हा हाताळता येत नाही. एकदाच, पण सर्व तपशिलासह टिपायचं असेल तर संस्था कॅमेऱ्याची किंमत पूर्ण प्रकल्पाच्या खर्चाशी ताडून पाहते, दुकानातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याशी नाही.

४. विकायचाच नाही: पॅनाव्हिजन आणि आरी

सिनेमाच्या जगात पॅनाव्हिजन आपले कॅमेरे विकत नाही, फक्त भाड्याने देते. जर्मनीच्या आरीने २०१४ मध्ये आणलेला ‘अलेक्सा ६५’ सुद्धा भाड्यानेच मिळतो. ‘द रेव्हनंट’च्या चित्रीकरणात तो वापरला गेला. गिऱ्हाईक मोजकं असेल आणि प्रत्येकाला वस्तू वर्षातून काहीच आठवडे लागत असेल, तर एकच कॅमेरा अनेकांना फिरवून देणं दोघांनाही परवडतं. देखभाल कंपनीच्या हातात राहते आणि सेकंडहँड बाजार तयारच होत नाही.

५. किंमतीनेच बाजार फोडणं: रेड

अमेरिकेच्या रेडने नेमकं उलटं केलं. मोठ्या पडद्याच्या दर्जाचा डिजिटल कॅमेरा तेव्हा बहुतेकांना भाड्यानेच परवडत होता. अशा वेळी रेडने २००६ मध्ये १७,५०० डॉलरला बॉडी जाहीर केली आणि हजार डॉलर बयाणा घेऊन नोंदणी सुरू केली. कॅमेरे २००७ पासून मिळू लागले. अर्थात नुसत्या बॉडीने शूटिंग होत नाही. लेन्स, साठवणुकीची साधनं, बॅटरी, मॉनिटर धरून खर्च बराच वाढायचा. मुख्य वस्तू आवाक्यात दाखवायची आणि सोबतच्या वस्तूंवर कमवायचं, हाही किंमतीचाच डाव आहे. २०२४ मध्ये निकॉनने रेड विकत घेतली.

नावाच्या जोरावर किती वाढवता येते?

याची परीक्षा हॅसलब्लाडनेच घेतली. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर हॅसलब्लाडने फोटो काढले होते. त्या पुण्याईवर २०१२ मध्ये कंपनीने ‘लूनर’ जाहीर केला. लाकडी मूठ आणि चामड्याचा साज असलेल्या या कॅमेऱ्याची किंमत सुमारे ५,००० युरो होती. आतला कॅमेरा मात्र सोनीचा ‘नेक्स-७’ होता, ज्याची बॉडी १,२०० डॉलरच्या आसपास मिळत होती.

फोटोग्राफरांनी तो ओळखला आणि कंपनीची टिंगल झाली. काही काळाने हॅसलब्लाडने हा मार्ग सोडला आणि स्वतःची नवी मालिका आणली. यंत्रमागाच्या साडीवर पैठणीची चिठ्ठी लावण्यासारखा हा प्रकार होता. मान विकता येतो, पण ज्यांनी तो दिलेला असतो त्यांनाच माल कळतो. छोट्या बाजारात गिऱ्हाईक थोडं असलं तरी जाणकार असतं.

लायका आणि हॅसलब्लाड आपली नावं मोबाइल कंपन्यांना का देतात, तेही आता कळेल. महाग कॅमेऱ्यामुळे नावाला वजन येतं आणि ते नाव लाखो फोनवर जाऊन कंपनीला पैसे मिळवून देतं. मूळ कॅमेरा स्वस्त केला, तर नावाचं हे वजनही उतरू शकतं.

भारतात आल्यावर किंमत का वाढते?

परदेशी संकेतस्थळावर दिसणारी किंमत बहुतेक वेळा कर सोडून असते. भारतात डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १ जानेवारी २०१९ पूर्वी तो २८ टक्के होता. ८,९९५ डॉलर म्हणजे ८५ च्या दराने ७ लाख ६४ हजार रुपये. त्यावर १८ टक्के धरले की आकडा ९ लाखांवर जातो. यात वाहतूक, विम्याचा खर्च आणि विक्रेत्याचा नफा मिळवायचा आहे.

तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि कॅमेरा व्यवसायासाठी पक्क्या बिलावर घेतला असेल, तर भरलेला जीएसटी तुमच्या पुढच्या करातून वळता करून घेता येतो. वरच्या उदाहरणात ही रक्कम १ लाख ३७ हजारांच्या आसपास आहे. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक होते. नोंदणी नसलेल्याला तोच कॅमेरा तेवढ्याने महाग पडतो. म्हणून ‘बिलाशिवाय थोडा स्वस्त देतो’ हा सौदा नोंदणीकृत फोटोग्राफरसाठी बहुधा तोट्याचा असतो. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

नाशिकच्या फोटोग्राफरने हिशेब कसा करावा?

खालचे आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत, तुमचे घालून पाहा.

समजा बॉडी आणि एक लेन्स मिळून १० लाख झाले. चार वर्षांनी ४ लाखांना विकले जातील असं धरू. म्हणजे ६ लाख झिजले. कर्जाचं व्याज, विमा आणि दुरुस्ती मिळून आणखी २ लाख. चार वर्षांत ८ लाख, म्हणजे वर्षाला २ लाख.

• वर्षात १०० दिवस काम मिळालं तर दिवसाला २,००० रुपये.
• ४० दिवस मिळालं तर दिवसाला ५,००० रुपये.
• २० दिवसच मिळालं तर दिवसाला १०,००० रुपये.

आता असाच कॅमेरा दिवसाला ६,००० रुपये भाड्याने मिळतो असं मानू. मग वर्षात ३४ दिवसांपेक्षा कमी काम असेल तर भाड्याने घेणंच शहाणपणाचं. लग्नाच्या तारखा मोजक्या महिन्यांत गर्दी करतात हेही लक्षात ठेवा. हप्ता मात्र बाराही महिने येतो.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: या कॅमेऱ्यामुळे गिऱ्हाईक जास्त पैसे देईल का? लग्नाच्या १२ बाय ३६ इंची अल्बममध्ये अर्ध्या भागावर, म्हणजे १२ बाय १८ इंचांवर, एक फोटो छापायला ३०० डीपीआयने सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यातही तेवढे असतात. इन्स्टाग्रामवर १०८० बाय १३५० च्या पोस्टला दीड मेगापिक्सेलही लागत नाही. १०० मेगापिक्सेलचा फरक दिसतो तो भिंतभर प्रिंटमध्ये, दागिन्यांच्या किंवा पैठणीच्या कॅटलॉगमध्ये आणि मोठ्या होर्डिंगवर. तुमचं काम तिथलं असेल तर गणित जुळू शकतं.

२०१५ नंतरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं २०२७ मध्ये आहेत. त्यासाठी आत्तापासून कॅमेऱ्याची चौकशी करणाऱ्यांनी हेही पाहावं की मीडियम फॉरमॅट कॅमेरे एका सेकंदात मोजकेच फोटो काढतात आणि त्यांच्यासाठी लांब पल्ल्याच्या लेन्स कमी आहेत. रामकुंडावरच्या गर्दीत आणि पावसात, पाण्याचा मारा सोसणारा आणि भराभर फोटो काढणारा निम्म्या किंमतीचा कॅमेरा जास्त कामाचा ठरेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महाग कॅमेऱ्याची किंमत पुढे उतरते का?
ज्या कॅमेऱ्याला तगडा पर्याय येतो त्याची उतरते. फुजीफिल्मचा १०० मेगापिक्सेलचा पहिला कॅमेरा २०१९ मध्ये ९,९९९ डॉलरला आला आणि दोनच वर्षांत तसाच, पण आकाराने लहान कॅमेरा ५,९९९ डॉलरला आला. लायकाच्या ‘एम’ मालिकेत उलट नव्या मॉडेलची किंमत चढत गेली आहे.

सेकंडहँड घ्यावा का?
मीडियम फॉरमॅटमध्ये पहिली मोठी घसरण पहिल्या मालकाच्या खिशातून जाते, त्यामुळे दुसऱ्याचा फायदा होऊ शकतो. मूळ बिल, सिरीयल नंबर, सेन्सरवरचे डाग आणि भारतात दुरुस्ती होते का, हे आधी तपासा. सेवा केंद्रात कॅमेरा महिनाभर अडकला तर हातातली कामं कशी करणार, हेही ठरवून ठेवा.

मोठा कॅमेरा पाहून गिऱ्हाईक जास्त पैसे देतं का?
काही वेळा देतं, विशेषतः जाहिरातीच्या कामात. पण ते आधी तपासता येतं. दोन-तीन कामांना असा कॅमेरा भाड्याने घ्या आणि कोटेशनमध्ये त्याचा दर वेगळा दाखवा. गिऱ्हाइकाने तो दर घासाघीस न करता मान्य केला तर खरेदीचा विचार करा. तो दर दर वेळी कापला जात असेल, तर हप्त्याचे पैसे तुमच्याच खिशातून जाणार आहेत.